लळिंगच्या तटावरून किती दूर दिसते?

मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याहून मालेगावकडे निघाले की नऊ-दहा किलोमीटरवर रस्ता घाटाला भिडतो. तेथेच लळिंगचा किल्ला आहे. खाली गावात महादेवाचे जुने दगडी देऊळ, वर तटबंदीचे अवशेष आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी. शाळेच्या सहली येतात, मुले चढतात, डबे खातात आणि उतरतात. पण हा किल्ला नेमका याच डोंगरावर का, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. त्याचे बरेचसे उत्तर आपल्या भौतिकशास्त्राच्या आणि भूमितीच्या पुस्तकांतच आहे.

आधी थोडा इतिहास. १३७० साली फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकी याला तापीकाठचे थाळनेर आणि भोवतालचा मुलूख दिला. त्यातून खानदेशचे फारुकी राज्य उभे राहिले. उत्तरेस माळवा, पश्चिमेस गुजरात, दक्षिणेस बहामनी. तिन्ही शेजारी याच्यापेक्षा बलाढ्य! लळिंग हा दक्षिण सरहद्दीवरचा पहारेकरी. मलिक राजानंतर तो त्याचा मुलगा नासिरखान याच्याकडे आला. १४३७ च्या सुमारास बहामनी सेनापतीने बऱ्हाणपूर लुटले आणि तातडीच्या मजला मारीत तो लळिंगवर येऊन धडकला. नासिरखानाचा पराभव झाला व लवकरच तो मरण पावला. अशा राज्यात शत्रू येत असल्याची वर्दी एक दिवस आधी मिळणे म्हणजे केवढी गोष्ट!

वर्दी किती आधी मिळेल, हे उंचीवर अवलंबून आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे सपाटीवर उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज पाचेक किलोमीटरच्या आतच संपते. उंचावर गेल्यास ते दूर सरकते. पायथागोरसच्या प्रमेयाने हे अंतर काढता येते. मीटरमधील उंचीचे वर्गमूळ घ्या आणि त्याला ३.५७ ने गुणा. अंतर किलोमीटरमध्ये मिळेल. मैदानापासून २०० मीटर उंचीवर पहारेकरी उभा आहे असे समजा. त्याचे क्षितिज ५० किलोमीटरवर जाईल. (हवेतून येताना प्रकाशकिरण किंचित वाकतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे अधिकच.) अर्थात मध्ये दुसरा डोंगर नसेल तरच. म्हणून उत्तरेकडे, तापीच्या खोऱ्याच्या बाजूला, नजर मोकळी धावते. दक्षिणेकडे टेकड्या आड येतात.

पण क्षितिज ५० किलोमीटरवर गेले म्हणून ५० किलोमीटरवरचा घोडेस्वार दिसेल काय? मुळीच नाही. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यामध्ये सुमारे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढा कोन लागतो. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस सहा किलोमीटरवर एवढाच कोन करतो. त्यापलीकडे तो दिसेनासाच होतो म्हणा ना! मग पहारेकरी पाहत काय होता? धूळ, धूर आणि रात्री जाळ. हजारो घोड्यांनी उडवलेला धुळीचा लोट शेकडो मीटर पसरतो. आणि अंधारातला जाळ दिसण्यास त्याचा आकार मोठा असावा लागत नाही. पुरेसा प्रकाश डोळ्यापर्यंत पोचला म्हणजे झाले. एकाच माणसाच्या नजरेचा पल्ला असा दिवसा आणि रात्री अगदी वेगळा असतो.

उंची मात्र आपण स्वतः मोजावी, पाटीवरचा आकडा उतरवून घेऊ नये. कोनमापक उलटा धरा, त्याच्या सरळ कडेला कागदाची नळी चिकटवा, मध्यबिंदूपासून दोऱ्याला दगड बांधून ओळंबा सोडा. नळीतून तट पाहिल्यावर दोरा ९० च्या खुणेपासून जितका सरकेल तितका उन्नत कोन. समजा, एका जागेवरून तो १४ अंश आला. सपाट जमिनीवरून किल्ल्याकडे सरळ २५० मीटर चालून गेल्यावर २० अंश आला. १४ अंशाचा कॉट ४.०११, २० अंशाचा २.७४७, फरक १.२६४. २५० ला याने भागले की १९८ मीटर. त्यात डोळ्याची उंची मिळवा. आता गंमत पाहा. दुसरा कोन चुकून १९ अंश वाचला, तर उत्तर येईल २२६! एका अंशाच्या चुकीने २८ मीटरचा फरक. म्हणून वर्गातील प्रत्येकाने कोन वेगवेगळा वाचावा आणि सरासरी घ्यावी. माझ्या मते सहलीतील सर्वांत मोलाचा धडा हाच आहे.

नजर झाली, आता तहान. धुळ्याकडे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. हजार चौरस मीटर उघड्या खडकावर एवढा पाऊस पडला तर सहा लक्ष लिटर पाणी. त्यातले निम्मे वाया गेले तरी तीन लक्ष उरते. माणशी रोज दहा लिटर धरल्यास शंभर शिबंदीला कोरड्या आठ महिन्यांत दोन लक्ष चाळीस हजार लिटर लागेल. म्हणजे जेमतेम पुरते. घोडे असतील तर तेही नाही. आणि खानदेशचा उन्हाळा! उघड्या टाक्यातून रोज सात मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे मानले, तर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत चौऱ्याऐंशी सेंटिमीटर पाणी उडून जाईल. टाके कपारीच्या आत, खडकाच्या छताखाली कोरले म्हणजे ऊन लागत नाही आणि वाराही पोचत नाही. बाष्पीभवन पुष्कळच घटते. खोदणाऱ्यांनी बाष्पीभवनाचे नियम वाचले नव्हते, पण आटलेली टाकी पाहिली असणार.

तटाचे काय होते आहे, तेही पाहा. चुन्याच्या सांध्यात पाखरांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते आणि मूळ जाडजूड होताना दगड अलग करते. पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन येते व चुना हळूहळू विरघळवते. बेसाल्टचे दहा मीटर लांबीचे बांधकाम चाळीस अंशांनी तापले तर सुमारे अडीच मिलिमीटर वाढते, रात्री पुन्हा आकसते. एखादी भेग निवडा, शेजारी मोजपट्टी धरून तिचे छायाचित्र घ्या, आणि जागा, तारीख, तापमान वहीत लिहा. दगडावर खूण करू नका, भेगेत काही खुपसू नका. जानेवारीत एकदा आणि मे महिन्यात सकाळी लवकर एकदा, असे दोनदा मोजा. पुढल्या वर्षी नव्या तुकडीला तीच वही द्या. ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर गेलात तर हवा स्वच्छ असते. तेव्हा उत्तरेकडे सातपुड्याची निळी रेघ दिसते का तेही पाहा. सातपुड्याला स्वतःची उंची आहे, म्हणून दोन्ही उंचींची क्षितिजे वेगवेगळी काढून त्यांची बेरीज करावी लागेल.