घरचा चार्जर: आधी खड्डा, मग डबा

गेल्या भागात आपण इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीबद्दल बोललो. त्यानंतर सगळ्यांत जास्त आलेला प्रश्न एकच होता: "साहेब, घरी कोणता चार्जर बसवू? ३.३ किलोवॅटचा की ७.२ चा? आणि कोणत्या कंपनीचा?"

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. पण निवड कशी करायची ते सांगतो, आणि माझ्या हातून झालेली एक चूकही सांगतो. ती जिवावर बेतली असती.

नवीन मंडळींसाठी थोडी ओळख. मी मूळचा साताऱ्याचा. सैन्यातून निवृत्त झाल्यावर तमिळनाडूत कुंभकोणमला, पत्नीच्या माहेरच्या घरी राहायला आलो. सासरची मंडळी तंजावरी मराठी. साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांच्या काळात इकडे मराठी राज्य आलं, तेव्हापासूनची. घर अग्रहारातलं. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांशी सामाईक भिंती, पुढे ओटा, ज्याला इथे तिण्णै म्हणतात, आणि ओट्याला लागून थेट रस्ता. गॅरेज नाही. गाडी ओट्यासमोरच उभी राहते. देवाची मिरवणूक आली की आधी गाडी हलवायची!

आता मुद्द्यावर येऊ. भिंतीवर लावतो त्या डब्याला आपण चार्जर म्हणतो, पण खरा चार्जर गाडीच्या आत असतो. घरातली वीज एसी, बॅटरीला लागते डीसी. हे रूपांतर गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो. भिंतीवरचा डबा म्हणजे पहारेकरी. तो गाडीशी बोलतो, किती अँपिअर घ्यायचे ते सांगतो, काही बिघाड दिसला तर वीज तोडतो. म्हणून तुमच्या गाडीतला चार्जर ३.३ चा असेल, तर भिंतीवर ७.२ चा डबा लावूनही गाडी ३.३ च घेणार. पैसे खर्च करण्याआधी गाडीच्या पुस्तिकेत हा आकडा बघा.

दुसरा आकडा तुमच्या रोजच्या फेरीचा. बॅटरी केवढी आहे यावर चार्जर निवडू नका, रोज किती किलोमीटर जाता त्यावर निवडा. इथून तंजावर ४० किलोमीटर, जाऊन-येऊन ८०. एका युनिटला ७ किलोमीटर धरले तर साडेअकरा युनिट लागतात. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून मीटरवर १३ धरा. ३.३ किलोवॅटने हे काम चार तासांत होतं. रात्रीचे आठ तास मिळाले तर सुमारे १६० किलोमीटरची सोय होते. गावातल्या गावात २० किलोमीटर फिरणाऱ्याला तासभर पुरतो.

मग ७.२ कोणाला हवा? रोज दीडशे-दोनशे किलोमीटर जाणाऱ्याला, घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या असणाऱ्याला, किंवा ज्याच्याकडे वीज रात्रीतून वारंवार जाते आणि मिळालेल्या दोन-तीन तासांत काम उरकायचं असतं त्याला. बाकीच्यांनी घाईची किंमत मोजू नये. ७.२ किलोवॅट म्हणजे सिंगल फेजवर ३२ अँपिअर. त्यासाठी मीटरचा मंजूर भार बहुतेक जुन्या घरांत वाढवून घ्यावा लागतो. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, वेगळी जोडणी घ्यायलाच हवी असं नाही. पण मंजूर भारात बसायला हवं. बिलाचाही विचार करा. इथे मीटर दोन महिन्यांनी वाचतात आणि दर टप्प्याटप्प्याने चढतो. गाडीची युनिटं वरच्या टप्प्यात जाऊन बसतात.

आता माझी चूक.

गाडी आली तेव्हा तिच्यासोबत साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावायची चार्जिंग केबल मिळाली. ओट्यावरच्या जुन्या सॉकेटला लावली तर तिच्यावरचा लाल दिवा लागला. अर्थिंग नाही, असं ती सांगत होती. वायरमनला बोलावलं. तो पाच मिनिटांत काम करून गेला आणि लाल दिव्याचा हिरवा झाला. त्याने काय केलं ते मी बघितलं नाही. चहा घ्यायला आत गेलो होतो.

सैन्यात आमच्या जनरेटरला अर्थिंगचा खिळा ठोकल्याशिवाय मी कोणाला स्विचला हात लावू दिला नाही. आणि स्वतःच्या ओट्यावर हिरवा दिवा बघून गप्प बसलो.

तीन महिने गाडी छान चार्ज झाली. मग ऑक्टोबरचा पाऊस सुरू झाला. आमच्याकडे पहाटे पाचला दारात पाणी शिंपडून कोलम काढतात, म्हणजे आपली रांगोळी. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या, पण हे काम अजून दुसऱ्याला देत नाहीत. त्या अनवाणी, जमीन ओली, शेजारी गाडी चार्जिंगला लावलेली. उठताना आधारासाठी त्यांनी गाडीला हात लावला आणि झटकन काढला. आत येऊन म्हणाल्या, "जावईबापू, गाडीला हात लावला तर मुंग्या येतात हो."

मी आधी मेन स्विच पाडला. मग सॉकेट उघडलं. आत अर्थच्या पिनेपासून न्यूट्रलच्या पिनेपर्यंत वायरचा एक बोटभर तुकडा जोडलेला होता. बस, एवढंच "अर्थिंग"!

हा जुगाड देशभर चालतो, म्हणून नीट समजून घ्या. न्यूट्रल खांबापर्यंत जाते आणि तिच्यातून सतत करंट परत जात असतो. अर्थची वायर जमिनीत जाते, तिच्यात एरवी करंट नसतो. अर्थ गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. दोन्ही एकत्र बांधल्या की केबलला वाटतं अर्थ आहे. बल्ब लावून बघितलात तर तोही पेटतो! पण खांबावरची न्यूट्रल पावसाने, वाऱ्याने ढिली झाली, की न्यूट्रलवर चढलेला दाब त्या तुकड्यातून सरळ गाडीच्या पत्र्यावर येतो. आमची ढिली झाली होती, म्हणून मुंग्या आल्या. पूर्ण तुटली असती तर सासूबाईंचा हात सुटला नसता. केबलमधला सुरक्षेचा डबाही इथे काही करू शकत नाही, कारण हा करंट त्याला वळसा घालून, अर्थच्या वायरने येतो.

त्या वायरमनला मी फार बोललो नाही. बघायचं काम माझं होतं.

त्यानंतर जे केलं, तोच माझा आजचा सल्ला. क्रमही हाच ठेवा.

पहिलं, अर्थिंगचा खड्डा. मी फक्त गाडीसाठी नवा करून घेतला आणि मोजणीच्या यंत्राने, म्हणजे अर्थ टेस्टरने, मोजून घेतला. ५ ओहमच्या आत आला. कावेरीच्या खोऱ्यातली माती ओली असते तेव्हा उत्तम, पण एप्रिल-मेमध्ये सुकते. तेव्हा खड्ड्यात पाणी घालायचं आणि पुन्हा मोजायचं.

दुसरं, स्वतंत्र वायर. मीटरच्या बोर्डापासून थेट चार्जरपर्यंत, मध्ये दुसरं काही नाही. १६ अँपिअरला ४ चौरस मिलिमीटर तांबं, ३२ ला किमान ६. गीझर वीस मिनिटं चालतो, गाडी आठ तास ओढते. सैल स्क्रूवर गीझर खपून जातो, गाडी सॉकेट वितळवते.

तिसरं, त्या वायरवर स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो किमान 'ए' प्रकारचा मागा. जुना 'एसी' प्रकार गाडीच्या करंटला पुरेसा ओळखत नाही. डीसी गळती ओळखण्याची सोय चार्जरमध्येच आहे का, तेही विचारा. नसेल तर 'बी' प्रकारचा आरसीसीबी लागतो. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबा.

चौथं, आता डबा निवडा. मी ३.३ चा घेतला. उघड्यावर असेल तर आयपी ६५ दर्जाचा घ्या, वळचणीखाली छातीच्या उंचीवर लावा. अँपिअर कमी-जास्त करता येत असतील तर बरं; उन्हाळ्यात दाब कमी असतो तेव्हा उपयोग होतो. केबल येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येणार नाही इतकीच लांब घ्या.

आणि आमच्यासारखे किनाऱ्याजवळ राहत असाल, तर वादळाचा इशारा आला की गाडी आधी भरून घ्या, मग केबल काढून ठेवा. नोव्हेंबर २०१८ च्या गज चक्रीवादळाने या भागातले विजेचे खांब आडवे केले. कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती.

सासूबाई अजून पहाटे कोलम काढतात. फरक एवढाच, की पावणेपाचला मी उठतो आणि आधी केबल काढतो. नव्या खड्ड्यावर माझा विश्वास आहे. पण एकदा चहा प्यायला आत गेलेल्या माणसाने आता एवढं करायलाच हवं.

आज घरी जाल तेव्हा तुमचं सॉकेट एखाद्या जाणत्या माणसाकडून, मेन बंद करून, उघडून घ्या. आणि त्या वेळी समोर उभे राहा.

जय हिंद.