शेवटच्या नळापर्यंत

2025च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची साथ आली. हातापायांतलं बळ जातं, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, असा हा आजार. संशयित रुग्णांचा आकडा 200च्या पुढे गेला आणि संशय पाण्यावर गेला. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज छापून येऊ लागली. पाण्यात क्लोरीन किती टाकलं, कोणी टाकलं, शेवटच्या नळापर्यंत ते पोचलं का, असं शहरातली माणसं विचारू लागली.

खेड्यात या प्रश्नांची उत्तरं एकाच माणसाकडे असतात. त्याला जलसुरक्षक म्हणतात.

पुणे जिल्ह्याच्याच डोंगराळ भागातल्या एका गावात, पावसाळा उलटल्यावर, असा एक जलसुरक्षक टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, पोत्याचं तोंड सोडत होता. पन्नाशीचा माणूस. हाच व्हॉल्व्ह फिरवतो, मोटर चालू करतो, टाकी धुतो. पोतं उघडताना त्यानं मान वळवून घेतली, मग मुद्दाम वाकून वास घेतला. “झोंबायला पाहिजे,” तो म्हणाला. “नाही झोंबलं तर ती पावडर कामाची नाही.” त्याची ही परीक्षा रास्तच आहे. चांगल्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतं आणि ओल लागली, तोंड उघडं राहिलं की ते उडून जातं. 20 टक्क्यांच्या खाली उतरलं की पावडर पाण्यात टाकण्यालायक राहत नाही. या पोत्याच्या तळाशी गोळे झाले होते.

विहिरीचं गणित त्याला तोंडपाठ. हजार लिटरला पाच ग्रॅम. 4 मीटर व्यासाच्या विहिरीत 3 मीटर पाणी असेल तर ते सुमारे 37 हजार 700 लिटर भरतं, म्हणजे 188 ग्रॅम पावडर. तो हे आकडे वहीत मांडत नाही. दोराला बांधलेल्या गाठींवरून पाण्याची उंची घेतो आणि पुटपुटतो, हजाराला पाच, हजाराला पाच. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरायची, चुना खाली बसू द्यायचा आणि फक्त वरची निवळी विहिरीत सोडायची. गाळ गेला तर पाणी जड होतं. त्यानंतर बादली दोरानं खालीवर करून पाणी ढवळायचं. ही शेवटची मेहनत दहा मिनिटांची, पण खांदे भरून येतात. तासभर वाट पाहायची आणि मग मोटर.

वास मात्र बोटांना चिकटून राहतो. साबणानंही जात नाही.

पैशाची बाजू अशी. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनचा मूळ अंदाजित खर्च 3 लाख 60 हजार कोटी रुपये. घरोघरी नळ, माणशी रोज 55 लिटर पाणी. महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य निम्मानिम्मा भार उचलतात. या निधीतला 2 टक्क्यांपर्यंतचा वाटा पाण्याच्या गुणवत्तेवर देखरेख ठेवण्यासाठी: प्रयोगशाळा, चाचणी संच, प्रशिक्षण. शंभरातले दोन. पावडरीचा खर्च ग्रामपंचायतीनं भागवायचा असतो, पाणीपट्टीतून नाहीतर वित्त आयोगाच्या बंधित निधीतून. पंधराव्या आयोगानं 2021 ते 2026 या काळासाठी गावांच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला. तरतूद आहे, हे नाकारता येणार नाही. पण टाकीला कोनशिला बसते, उद्घाटन होतं. पोतं कधी संपलं हे मात्र मासिक सभेत कोणी विचारलं तरच कळतं. नळ जोडण्यांचे आकडे फलकावर चढतात आणि त्या नळातून काय येतं, ते हा एक माणूस रोज हातानं सांभाळतो. त्याच्या मानधनाची फाइल मोटरच्या बिलाच्या मागे पडता कामा नये.

चाचणी करणारे हात वेगळे. मिशनच्या नियमानुसार प्रत्येक गावात पाच महिलांना संच वापरायला शिकवायचं असतं. इथल्या पाचांपैकी एक, बचत गटातली, शाळेमागच्या घरी आली. गावातला शेवटचा नळ तो. तिथं क्लोरीन सापडलं तर वाटेतल्या सगळ्यांना मिळालं असं धरता येतं. तिनं छोट्या नळीत पाणी घेतलं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब सोडले.

“अण्णा, काही दिसतंय का?” तिनं जलसुरक्षकाला विचारलं.

“उजेडात धरा, वहिनी.”

पाणी हलकंसं पिवळं झालं. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवं. रंगपट्टीवर ते जेमतेम तिथवर पोचत होतं. तेवढ्यात घरातल्या आजी म्हणाल्या, औषध टाकलं की चहा बिघडतो. तिनं त्यांना शांतपणे नळी दाखवली. हे तिला दर खेपेला करावं लागतं, आणि ती कंटाळत नाही.

दुसरी चाचणी गावाबाहेरच्या झऱ्याची. उन्हाळ्यात योजना आटली की गाव तिथं जातं. एचटूएस बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि 24 ते 48 तास ठेवायची. विष्ठेतून आलेले जिवाणू असतील तर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तो बाटलीतल्या लोहाशी जुळतो आणि पाणी काळं पडतं. ही खूण आहे, निदान नव्हे. म्हणून दुसरा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत जातो. झऱ्याची बाटली काळी झाली. वरच्या अंगाला जनावरं बांधतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण काळी बाटली ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवल्यावर गोठा हलवायची चर्चा सुरू झाली. पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची पाहणी होते आणि जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल कार्ड कोणत्याच सरपंचाला नको असतं, आणि ही लाज कामाची आहे.

पावडरीला न जुमानणारंही पाणी असतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं की मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं वाकतात. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. संचात रंग गुलाबीवरून पिवळा होतो आणि कळतं, पण कळल्यावर बहुधा स्रोतच बदलावा लागतो: नदीचं, तलावाचं पाणी लांबून आणायचं. तिथं मोठा पैसा लागतो आणि तो लागायलाच हवा. फक्त कोणत्या गावाला आधी द्यायचा, हे सांगणारी तपासणी त्याच दोन टक्क्यांतून होते.

दुपारी जलसुरक्षकानं पोत्यातले गोळे बाजूला काढून कार्यालयात नेले आणि नव्या पोत्याची मागणी लिहून दिली. पुढची सभा महिनाअखेरीस. शेवटच्या नळावरचा रंग पाहून त्यानं तोवरचं प्रमाण वाढवून घेतलं: हजाराला सात, आणि रोज सकाळी त्याच नळावर तपासून पाहायचं.