तार आली, लोकल कधी? नव्या विद्युत गाडीची परीक्षा कशी होते

होटगी (सोलापूर) : सोलापूरहून निघालेली गाडी टिकेकरवाडी मागे टाकून होटगी जंक्शनमध्ये शिरते आणि येथे लोहमार्गाला दोन वाटा फुटतात. एक वाट अक्कलकोट रोड, कलबुर्गीमार्गे वाडीकडे जाते, तर दुसरी इंडी रोड, विजयपूरमार्गे गदगकडे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला आणि १८७१ मध्ये रायचूरला पोहोचला. गदगची वाट त्यानंतरच्या दशकातली. दुष्काळी मुलखाला धान्य पोहोचावे, हा तिच्यामागचा एक प्रमुख हेतू होता. दीर्घकाळ मीटरगेज राहिलेला हा मार्ग चालू शतकात ब्रॉडगेज झाला.

फेब्रुवारी २०२३ हा सोलापूर विभागासाठी महत्त्वाचा महिना ठरला. १० फेब्रुवारीला मुंबई-सोलापूर वंदे भारत एक्स्प्रेसचे उद्घाटन झाले. २३ फेब्रुवारीला याच विभागातील औसा रोड ते लातूर रोड या ५२ किलोमीटरच्या टप्प्याचे विद्युतीकरण पूर्ण झाले आणि मध्य रेल्वेचे सर्व ब्रॉडगेज मार्ग विजेच्या तारेखाली आले. तेव्हापासून नोकरी, शिक्षण आणि बाजारासाठी सोलापूरला रोज ये-जा करणाऱ्यांच्या मनात एक साधा प्रश्न आहे. डोक्यावर तार आली, मग मुंबईसारखी लोकल का धावू शकत नाही?

प्रश्न रास्त आहे. मात्र तार ही केवळ पहिली अट होय. नवी विद्युत गाडी कारखान्यातून बाहेर पडणे आणि तिच्यात प्रवासी बसणे, या दोहोंमध्ये चाचण्यांचा एक लांब टप्पा असतो.

लोकल आणि मेमू

एक्स्प्रेस गाडी एका इंजिनाच्या जोरावर ओढली जाते. लोकलला वेगळे इंजिन नसते. विद्युत मोटारी गाडीतील ठरावीक डब्यांच्या चाकांवर विभागलेल्या असतात. त्यामुळे गाडी चटकन वेग घेते, चटकन थांबते आणि शेवटच्या स्थानकावर इंजिन बदलण्याचा खोळंबा होत नाही. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबणाऱ्या वाहतुकीसाठी हा गुण मोलाचा ठरतो.

याच तत्त्वावरची, पण अधिक अंतरासाठीची गाडी म्हणजे ‘मेमू’. हिच्यात स्वच्छतागृह असते आणि कमी उंचीच्या फलाटावरून चढता येईल अशा पायऱ्या असतात. मुंबईच्या लोकलला उंच फलाट लागतात. लहान स्थानकांवर ते सर्वत्र नसतात. म्हणून सोलापूर-होटगीसारख्या पट्ट्याचा विचार करताना डोळ्यांपुढे मुंबईची लोकल नव्हे, तर मेमू आणणे अधिक योग्य. १६ सप्टेंबर २०२४ रोजी अहमदाबाद-भूज मार्गावर सुरू झालेली वातानुकूलित ‘नमो भारत रॅपिड रेल’ हे याच कुळातील पुढचे पाऊल मानता येईल.

वाळूची पोती आणि क्षीण प्रवाह

नव्या रचनेच्या गाडीची पहिली परीक्षा कारखान्यातच होते. डब्याचा सांगाडा दाबाखाली तपासतात, छतावर पाण्याचा मारा करून गळती पाहतात. त्यानंतर गाडी प्रत्यक्ष रुळांवर येते. येथे लखनौच्या ‘आरडीएसओ’ या रेल्वेच्या संशोधन संस्थेची भूमिका सुरू होते.

डब्याचे हेलकावे मोजणारी ‘ऑसिलेशन ट्रायल’ ही त्यातील महत्त्वाची चाचणी. रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही अवस्थांत गाडी धावते. प्रवाशांच्या जागी वाळूची पोती किंवा वजने ठेवतात. मुंबईत गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा प्रवासी उभे असतात, असे रेल्वेचे गणित आहे. तेवढ्या भाराने स्प्रिंगा दबल्या असता वळणावर डबा किती झुकतो, हे उपकरणे नोंदवितात. ज्या वेगाची परवानगी हवी आहे, त्याहून काहीसा अधिक वेग येथे गाठला जातो. रोजच्या वापरात हातचे राखून ठेवण्याची ही पद्धत आहे.

दुसरी परीक्षा ब्रेकची. आधुनिक गाडीत वेग कमी करताना मोटारीच जनित्र बनतात आणि वीज तारेत परत पाठवितात. विजेची बचत होते, ब्रेकची झीजही कमी होते. तथापि ही सोय ऐनवेळी बंद पडली तर? केवळ हवेच्या ब्रेकवर, ओल्या रुळांवर, पूर्ण भार असताना गाडी किती अंतरात थांबते, हे मोजावेच लागते. दोन सिग्नलांमधील अंतर आणि गाडीचा कमाल वेग यांचा मेळ याच आकड्यावर बसतो.

तिसरी परीक्षा प्रवाशाला दिसत नाही, पण तिचे महत्त्व मोठे आहे. रुळांतून सिग्नल यंत्रणेचा एक क्षीण प्रवाह वाहत असतो. गाडी त्या पट्ट्यात आली की चाकांमुळे तो मधल्यामध्ये वळतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. गाडीच्या मोटारींनी वापरलेला प्रवाहही रुळांतूनच परततो. नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या परतीच्या प्रवाहात सिग्नलच्या प्रवाहाशी जुळणारी कंपने मिसळली, तर सिग्नलची फसगत होण्याचा धोका असतो. तो नाही, याची खात्री पटल्याखेरीज गाडी पुढे सरकत नाही.

मुंबईचे धडे

या चाचण्या निव्वळ कागदोपत्री सोपस्कार नाहीत, हे मुंबईच्या अनुभवाने दाखविले आहे. देशातील पहिली विद्युत गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली. तेव्हाचा विद्युतदाब १५०० व्होल्ट, प्रवाह एकदिश. पुढे देशाने २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह स्वीकारला, मुंबई मात्र जुन्याच पद्धतीवर राहिली. पश्चिम रेल्वेवरील बदल २०१२ मध्ये, तर मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावरील बदल एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण झाला. या संक्रमणासाठी दोन्ही दाबांवर चालणाऱ्या गाड्या लागल्या. २००७ मध्ये दाखल झालेल्या, सीमेन्सची विद्युत यंत्रणा असलेल्या लोकल त्यातल्याच.

वातानुकूलित लोकलची कहाणी अधिक बोलकी आहे. चेन्नईच्या कारखान्यातून पहिली गाडी एप्रिल २०१६ मध्ये कुर्ला कारशेडमध्ये आली. पण तिची उंची आणि मध्य रेल्वेवरील ब्रिटिशकालीन कमी उंचीचे पूल यांचा मेळ बसेना. अखेर गाडी पश्चिम रेल्वेकडे गेली आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवली-चर्चगेट मार्गावर प्रवाशांसाठी धावली. कारशेड ते प्रवासी हे अंतर कापायला सुमारे वीस महिने लागले. मध्य रेल्वेवर अशी लोकल आली ती जानेवारी २०२० मध्ये, तीही आधी ठाणे-पनवेल मार्गावर. मुख्य मार्गाला डिसेंबर २०२० उजाडावा लागला. गाडी उत्तम असूनही ती विशिष्ट मार्गाला साजेशी असेलच असे नाही, हा यातील धडा.

दुसरा धडा दरवाजांचा. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दरवाजात लटकणाऱ्या प्रवाशांचा गाडीतून पडून बळी गेला. त्यानंतर बिगरवातानुकूलित लोकललाही स्वयंचलित दरवाजे बसविण्याची घोषणा रेल्वेने केली. दार बंद झाले की हवा कोंडते, म्हणून झरोके असलेली दारे, छतावरून हवा खेळविणारी यंत्रणा आणि डब्या-डब्यांना जोडणारी वाट, असा आराखडा मांडण्यात आला. दार बंद करणे सोपे, पण बंद दारामागे खच्चून भरलेल्या डब्यात श्वास घेता येतो की नाही, याचे उत्तर चाचणीनेच मिळू शकते.

परवानगी मार्गागणिक

रेल्वे कायदा १९८९ च्या कलम २७ नुसार, एखाद्या मार्गावर आधीपासून धावणाऱ्या गाड्यांहून वेगळ्या रचनेची गाडी आणायची, तर पूर्वमंजुरी घ्यावी लागते. गाडी मुंबईत वर्षानुवर्षे धावत आहे, एवढे पुरत नाही. या परवानगीच्या प्रक्रियेत रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी निर्णायक असते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी उड्डाण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. जो गाडी चालवितो त्यानेच ती सुरक्षित असल्याचे ठरवू नये, असा यामागचा विचार आहे.

होटगीत ही बाब आणखी ठळक होते. वाडीकडचा मार्ग मध्य रेल्वेचा, तर गदगकडचा दक्षिण-पश्चिम रेल्वेचा. विजयपूरपर्यंत जाणाऱ्या नव्या गाडीला दोन रेल्वेंच्या हद्दीतील पूल, वळणे, सिग्नल आणि फलाट यांच्याशी जुळवून घ्यावे लागेल. त्यात सोलापूरचा चाळिशीपार जाणारा उन्हाळा आहे आणि जवळच्या औष्णिक वीज प्रकल्पाची व सिमेंट कारखान्यांची मालवाहतूकही आहे. त्याच रुळांवर थांबत थांबत जाणाऱ्या गाडीसाठी वेळापत्रकात जागा काढणे हे यंत्रापेक्षा माणसांचे काम आहे.

म्हणूनच प्रवाशांनी विचारायचा प्रश्न थोडा बदलायला हवा. चाचणीला लागणारा वेळ सुरक्षेसाठी असतो आणि तो द्यावाच लागतो. परंतु कोणती गाडी, कोणत्या फलाटांसाठी, कोणत्या वेळेला आणि तिची देखभाल कोठे, हे ठरविण्यात जाणारा वेळ नियोजनाचा असतो. सकाळी कामाच्या वेळेत सोलापूरला पोहोचविणारी आणि सायंकाळी परत आणणारी गाडी हवी, तर यातील दुसऱ्या वेळेचा हिशेब रेल्वेकडे मागण्याचा होटगीकरांना पुरेपूर अधिकार आहे.