झाडांशी खेळा, पण नाव विचारून



खेळणी फक्त दुकानातच मिळतात असे नाही. आपली कितीतरी खेळणी बांधावर, ओढ्याकाठी आणि कुंपणात उगवतात. त्यांना पैसे पडत नाहीत. त्यांतली काही मी इथे सांगणार आहे. खेळ कसा खेळायचा ते तुम्हांला माहीत आहेच, म्हणून तसे का होते तेही लिहिले आहे. शेवटचे खेळणे मात्र सगळ्यांनी नीट वाचावे. पालकांनी तर जरूर वाचावे.

१) लाजाळू : हे ओढ्याच्या कडेला ओलीत सापडते. पानाला बोट लावले की पान मिटते आणि देठ खाली पडतो. आम्ही म्हणतो, "लाजली रे लाजली!" पण ती खरोखर लाजत नाही. पानाच्या व देठाच्या बुडाशी बारीक फुगीर गाठ असते. तिच्यात पाणी भरलेले असते, म्हणून पान ताठ राहते. हात लागला की गाठीच्या एका बाजूचे पाणी दुसरीकडे जाते आणि पान ढिले पडते. थोड्या वेळाने पाणी परत येते व पान उघडते. रात्रीसुद्धा लाजाळू पाने मिटून घेते. आपल्या देशाचे मोठे शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस (जन्म १८५८, मृत्यू १९३७) यांनी या झाडावर पुष्कळ प्रयोग केले होते. म्हणजे आपण ज्याच्याशी खेळतो त्याच्याशी शास्त्रज्ञही खेळले.

२) तेरड्याची बोंडे : गौरीच्या सणाला आपण तेरडा आणतो. त्याचे पिकलेले बोंड चिमटीत धरले की फट्‌कन फुटते. साल गुंडाळी होते आणि बिया लांब उडतात. नव्या पोराच्या हातात बोंड दिले की तो दचकतो, मग सगळे हसतात. बोंड पिकले की त्याची साल ताणलेल्या रबरासारखी होते. म्हणून जरा धक्का लागला की ती सुटते. बिया आईच्या पायाशीच पडल्या तर सगळ्यांना ऊन आणि पाणी पुरणार नाही, म्हणून तेरडा त्यांना लांब फेकतो.

३) रुईची म्हातारी : रुईचे फळ वाळून उकलले की आतून पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्या उडतात. फुंकर मारून ती खाली पडू द्यायची नाही, हा आमचा खेळ. म्हातारीच्या खाली एक चपटी बी असते. केस म्हणजे तिची छत्री. वारा तिला दुसऱ्याच्या शेतात नेऊन सोडतो. पण रुईचे पान तोडले की पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. म्हणून म्हातारी पकडावी, पान तोडू नये.

४) आघाडा आणि सराटा : श्रावणात जिवतीला आघाड्याची माळ घालतात. त्याच्या तुऱ्यावरून बोटे वरून खाली फिरवा, काही होत नाही. खालून वर फिरवा, लगेच टोचते. कारण त्याची फळे खाली टोक करून बसलेली असतात. आपण जवळून गेलो की ती चड्डीला, परकराला चिकटतात. आई ओरडते. पण आघाड्याचे काम झालेले असते. सराटा जमिनीवर पसरतो. त्याला छोटी पिवळी फुले येतात. त्याचे फळ कसेही पडले तरी एखादा काटा वर राहतो आणि पायात, चपलेत नाहीतर सायकलच्या चाकात घुसतो. झाडाला पाय नाहीत, म्हणून ते आपले पाय वापरते!

५) चिंचोके : चिंचोका फोडून दोन भाग केले की एक बाजू तपकिरी आणि एक पांढरी. ते टाकून आम्ही चल्लस खेळतो. चिंचोक्याचे बरोबर दोनच भाग का होतात? कारण चिंच द्विदल आहे. तूर, हरभरा, भुईमूग हेही द्विदल. ज्वारीचा दाणा असा फुटत नाही, ती एकदल. त्या दोन भागांत बाळझाडाची शिदोरी असते. चिंचोका रुजला की ते भाग जमिनीवर येतात आणि रोप मोठे होईल तसे सुकत जातात. पटत नसेल तर करवंटीत माती घालून लावून पाहा.

६) मोगली एरंडाचे फुगे : हे झाड कुंपणाला असते. त्याचा देठ अर्धा मोडून वाकवला की फटीत चिकाचा पातळ पडदा धरतो. हळू फुंकर मारली की रंगीत फुगे उडतात. ही मजा सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच झाडाच्या बिया विषारी आहेत, हे सगळ्यांना माहीत नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वाडीतल्या तीन पोरांनी त्या काळ्या बिया फोडून खाल्ल्या. आतला गर पांढरा असतो आणि शेंगदाण्यासारखा गोड लागतो. कडू असता तर त्यांनी थुंकला असता. तासा-दोन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू झाले, पोटात कळा आल्या. त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी विचारले, "काय खाल्ले?" मार बसेल म्हणून कोणी बोलेना. आणि नावही कोणाला येत नव्हते. मग एकाची धाकटी बहीण कुंपणापाशी पळत गेली व बिया घेऊन आली. बिया पाहिल्यावर डॉक्टरांना कळले. सलाईन लावले. दुसऱ्या दिवशी तिघे घरी आले.

आजी म्हणाली, "अरे, याला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून तर कुंपणाला लावतात." जे गुरांना कळते ते आपल्यालाही कळायला हवे.

म्हणून हे नियम पाठ करा :
(अ) नाव माहीत नसलेल्या झाडाचे काहीही तोंडात घालू नये. गोड लागले तरी नाही.
(आ) मोगली एरंड, धोतरा, कण्हेर आणि लाल-काळी गुंज ही विषारी आहेत. ती ओळखून ठेवावी.
(इ) खेळून झाल्यावर हात धुवावे. चिकाचा हात डोळ्याला लावू नये.
(ई) कोणी काही खाल्ले तर न घाबरता लगेच मोठ्यांना सांगावे. फांदी किंवा बी बरोबर न्यावी. १०८ नंबरला फोन केला की रुग्णवाहिका येते.

पालकांना विनंती : मुलाने खरे सांगितले तर आधी मारू नका, आधी दवाखान्यात न्या. आणि आम्हांला झाडाजवळ जाऊ नको असे म्हणू नका. जवळ गेल्याशिवाय ओळख कशी होणार?

या भित्तिपत्रकाच्या खाली एक कोरा कागद लावला आहे. तुम्हांला माहीत असलेल्या एका रानझाडाचे नाव आणि त्याचा उपयोग किंवा धोका त्यावर लिहा. लिहिता येत नसेल तर आम्हांला सांगा, आम्ही लिहू.

– इयत्ता चौथी