अंकासोबत आलेली तबकडी

बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याची रचना पाहण्याजोगी आहे. मोगल काळात, सुमारे १६१५ साली, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, शहराकडे आणले गेले. ह्या मार्गावर ठिकठिकाणी विहिरींसारख्या कुंड्या आहेत. त्यांतून पाणी काढता येते, तसेच आत उतरून गाळ उपसता येतो व डागडुजीही करता येते.

संगणकाच्या क्षेत्रात लिनक्सचे तत्त्व असेच आहे. यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांची सांगड घालणाऱ्या व्यवस्थेस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेली युनिक्स ही अशीच एक व्यवस्था होय. तिच्या धर्तीवर मुक्त व्यवस्था रचण्याचा संकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केला. तीत जो गाभा अपुरा होता, तो १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहावयास घेतला. येथे 'मुक्त' म्हणजे नुसते फुकट नव्हे. मूळ संहिता वाचावी, तीत बदल करावा आणि ती इतरांस द्यावी, अशी ही मुभा आहे.

परंतु मुभा असणे निराळे आणि वस्तू हाती येणे निराळे. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्यांस इंटरनेट खुले केले, ते प्रथम मोजक्या महानगरांत. सेकंदास ९,६०० बिट या वेगाने एका तबकडीभर, म्हणजे ६५० मेगाबाइट, मजकूर उतरवून घ्यावयाचा तर अखंड सहा दिवस लागावेत. लहान शहरातील जिज्ञासूने तेवढा वेळ दूरध्वनीची तार कशी अडवून ठेवावी?

हे अंतर एका मासिकाने कमी केले. 'पीसी क्वेस्ट'ने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची तबकडीच वाचकांस दिली. ह्या उपक्रमाचे प्रवर्तक अतुल चिटणीस (१९६२–२०१३) हे जर्मनीत जन्मले होते आणि बेळगावात अभियांत्रिकी शिकले होते.

ह्या घटनेचे महत्त्व मोठे आहे. व्यावसायिक मासिकांचा निर्वाह बहुधा विक्रेत्यांच्या जाहिरातींवर होतो, आणि परीक्षण वाचणाऱ्यास संपादकाच्या शब्दावर विसंबावे लागते. येथे लेख आणि लेखाचा विषय एकाच टपालाने आले. त्यामुळे स्तुती खरी की खोटी, हे वाचकास स्वतःच्या यंत्रावर पडताळता आले. शिवाय परवान्यानुसार तबकडीच्या प्रती काढून वाटणे हा गुन्हा नव्हता. गावात एक अंक आला, तरी अनेकांचे काम भागणे शक्य होते.

मार्ग सोपा मात्र नव्हता. त्या काळी लिनक्स बसविताना हार्डडिस्कचे भाग पाडावे लागत, आणि एक चूक साऱ्या नोंदी पुसून टाकी. म्हणून तबकडीइतकीच गरज छापील मार्गदर्शनाचीही होती. नव्या वस्तूची बातमी देऊन नियतकालिकाचे काम संपत नाही. ती पारखण्याचे साधन आणि रीत वाचकाच्या हाती पडली, तरच त्या बातमीचे ज्ञान होते.