पायाचे बळ आणि तबकडीचा ब्रेक

पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळ सोडून दक्षिणेस निघाले म्हणजे खंडाळ्यापुढे खंबाटकीचा डोंगर आडवा येतो. चढावर मोटार दमली, तर फार तर वाटेत उभी राहील. पण उतारावर ती आवरली नाही, तर विचार करावयासही अवधी उरत नाही. घरी बांधलेल्या मोटारीची खरी परीक्षा एंजिनात नव्हे, ब्रेकमध्ये आहे ती यामुळेच.

मोटार घरी बांधण्याची हौस या मुलखाला परकी नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सामानातून छोटी जीप उभी केली आणि २०२२ च्या जानेवारीत आनंद महिंद्र यांच्याकडून तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो मिळाली. हीच हौस जेव्हा हलक्या, वेगवान स्पोर्ट्‌स मोटारीकडे वळते, तेव्हा तबकडीचे ब्रेक, म्हणजे डिस्क ब्रेक, बसविण्याचा प्रश्न उभा राहतो.

ड्रम ब्रेकमध्ये फिरता ड्रम आतल्या शूला आपल्याबरोबर ओढतो व दाब आपोआप वाढवितो. तबकडीला हा गुण नाही. तिला दोहों बाजूंनी चिमटणारे पॅड जेवढे दाबावे तेवढेच दाबतात. मात्र तबकडी उघड्यावर असल्याने लवकर निवते, आणि हा लाभ मोठा आहे. ७०० किलो वजनाची मोटार १०० मीटर उंचीवरून एकाच वेगाने उतरविताना जी उष्णता निर्माण होते, ती दोन लिटर पाणी उकळीस आणण्यास पुरेल. एंजिनाने साह्य केले नाही, तर हा सारा भार ब्रेकवरच पडतो. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सची शर्यत जग्वार मोटारींनी जिंकली, तीत तबकडीच्या ब्रेकचा वाटा मोठा होता.

कारखान्यातील मोटारीत एंजिनाच्या ओढीवर चालणारा बूस्टर पायाचे बळ वाढवितो. घरी बांधलेल्या अरुंद मोटारीत त्याला पुष्कळदा जागाच नसते. मग सारे काम पायानेच करावयाचे, आणि ते प्रमाणाच्या आधारे.

समजा, पायाने ३० किलोचा जोर दिला व पेडलची तरफ सहापट आहे. तर दट्ट्यावर १८० किलोचा जोर येईल. मास्टर सिलिंडरचा व्यास २५ मिलिमीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३७ किलो दाब मिळतो. तोच व्यास १९ मिलिमीटर केला, तर सुमारे ६३. लहान सिलिंडर अधिक दाब देतो, हे नवशिक्यास उलटे वाटते. पण ही मिळकत फुकट नाही. तेवढेच ब्रेक-ऑइल ढकलावयास पेडल पावणेदोनपट खाली जाते. सिलिंडर फारच लहान घेतला, तर दाब चढण्यापूर्वीच पेडल तळाला टेकेल.

दुसरे प्रमाण पुढच्या व मागच्या चाकांचे. ब्रेक लागताच मोटारीचा भार पुढे झुकतो व मागची चाके हलकी होतात. ती आधी अडकली, तर मोटार गर्रकन फिरते. म्हणून अडकावयाचीच झाली, तर पुढची चाके आधी अडकावीत, अशी जुळणी ठेवतात.

जोडणीतही डोळसपणा हवा. मास्टर सिलिंडर कॅलिपरहून खाली, तळाशी बसविला, तर ऑइल मागे ओघळते. त्यासाठी नळीत अल्प दाब राखणारी झडप घालावी लागते. हवा काढण्याचा निपल कॅलिपरच्या माथ्यावर यावा. डावे-उजवे कॅलिपर अदलाबदल झाले, तर तो खाली जातो आणि कितीही पंप केले तरी हवा आत अडकून पेडल मऊ राहते. ब्रेक-ऑइल हवेतील ओल शोषते. नवे डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. उतारावर ऑइल उकळले, तर त्याची वाफ दाबली जाते, दट्ट्या मात्र हलत नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीवाचून मोटार सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा पहिल्या चाचण्या बंदिस्त, सपाट जागेतच व्हाव्यात: आधी मंद वेगाने, मग वाढत्या वेगाने, मध्ये तबकड्या निवू देऊन. नवे पॅड असेच तबकडीशी जुळतात, आणि बांधणाऱ्यासही आपल्या पायाचे बळ कोठवर पुरते ते तेथेच कळते. ते उतारावर कळू नये.