सगळ्यांचं आवरणाऱ्याचं कोण आवरतं?

मोबाईलवर एखादं अ‍ॅप मधेच बंद पडतं, आपण चरफडत ते पुन्हा उघडतो आणि विसरून जातो. त्या अ‍ॅपनं घेतलेली मेमरी, उघड्या ठेवलेल्या फाइली, नेटवर्कची अर्धवट राहिलेली जोडणी, यातलं काहीही त्यानं जाताना आवरलेलं नसतं. तरीही सगळं जागच्या जागी परत गेलेलं असतं. हे काम कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा कर्नल असतो. कुणाला काय दिलं याची नोंद त्याच्याकडे असते आणि मालक गेला की तो सगळं वसूल करतो.

पण खुद्द कर्नलनं स्वतःसाठी घेतलेल्या मेमरीचं काय? तिथं वर कुणीच नाही. कर्नलच्या कोडमध्ये ‘केमॅलॉक’नं मेमरी घेतली, तर ‘केफ्री’नं ती आपणच परत करायची. राहून गेली, तर मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत अडकून पडते. एखादं फंक्शन दर खेपेला फक्त 64 बाइट विसरतं आणि ते सेकंदाला हजारदा चालतं असं धरा. दिवसभरात साडेपाच जीबी गायब! उलट घाईनं आधीच परत केली आणि नंतर तिलाच हात लावला, तर त्याहून वाईट. तोवर ती जागा दुसऱ्या कुणाला दिलेली असू शकते आणि अशा चुका हुडकणं हा हॅकर मंडळींचा आवडता उद्योग आहे.

खरी गंमत अर्ध्यात फिसकटलेल्या कामात आहे. एखादा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कोड, सुरू होताना आधी मेमरी घेतो, मग इंटरप्टसाठी, म्हणजे उपकरणाकडून येणाऱ्या हाकेसाठी, नाव नोंदवतो, मग उपकरण जगासमोर आणतो. तिसरी पायरी फसली, तर आधीच्या दोन्ही उलट्या क्रमानं मोडाव्या लागतात. दहीहंडीचे थर उतरतात तसे: वरचा आधी, खालचा शेवटी. मेमरी आधी सोडली आणि इंटरप्ट चालूच राहिला, तर पुढचा इंटरप्ट येऊन नेमका सोडलेल्या जागेवर पाय ठेवणार.

यासाठी लिनक्सवाले बिनदिक्कत ‘गोटू’ वापरतात, म्हणजे कोडमध्ये एका ओळीवरून थेट दुसरीवर उडी मारायची आज्ञा. संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांनी 1968 मध्ये ज्याच्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं, वर्गात ज्याचं नावही काढू देत नाहीत, तेच हे ‘गोटू’! कर्नलच्या लेखनशैलीच्या नियमावलीत मात्र त्याला मानाची जागा आहे. फंक्शनच्या तळाशी आवराआवरीच्या ओळी उलट्या क्रमानं मांडलेल्या असतात. जिथं काम फसलं, तिथून थेट योग्य ओळीवर उडी मारायची. तिच्याखालच्या ओळी आपोआप चालतात. सरळ वाचलं की कामाची गोष्ट, तळाशी तीच गोष्ट उलटी. मला तरी हा कोड देखणा वाटतो.

आता यातली सगळ्यात चक्रावणारी बाब. या तळाच्या ओळी जवळजवळ कधीच चालत नाहीत. कर्नलनं मागितलेली लहानसहान मेमरी सहसा नाकारलीच जात नाही, त्यामुळे तिथली चूक वर्षानुवर्षं झोपून राहू शकते. म्हणून कर्नलमध्ये मुद्दाम खोटा नकार देण्याचीही सोय केलेली आहे. मेमरी भरपूर असताना ‘नाही’ म्हणायचं आणि समोरचा कोड कसा सावरतो ते पाहायचं. ‘केमेमलीक’ नावाची दुसरी यंत्रणा चालू ठेवली, तर ती दर दहा मिनिटांनी मेमरी चाळते. ज्या तुकड्याचा पत्ता कुठंच लिहिलेला सापडत नाही, तो बेवारस असल्याचा तिला संशय येतो. पत्ता आणि साधा आकडा यांतला फरक तिला कळत नाही, म्हणून पत्त्यासारखा दिसणारा आकडा भेटला की खरा बेवारस तुकडाही निसटतो.

माणूस विसरणारच, हे मान्य करून मग काही ओझं यंत्रावर टाकलं गेलं. 2007 पासून ड्रायव्हरना आपल्या वस्तू उपकरणाच्या नावावर बांधता येतात. उपकरण गेलं की त्या उलट्या क्रमानं सुटतात. 2023 मध्ये, 6.5 या आवृत्तीत, आणखी एक सोय आली. पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता ठेवणारी जागा, घोषित करतानाच ‘हा कसा सोडायचा’ ते सांगून ठेवायचं. फंक्शनमधून कुठूनही बाहेर पडा, कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) स्वतः आवरतो.

यातही खोच आहेच. कंपायलर घोषणेच्या उलट क्रमानं आवरतो. सगळे पॉइंटर फंक्शनच्या डोक्यावर रिकामे मांडून ठेवायची सी भाषेत लिहिणाऱ्यांची जुनी सवय इथं अंगाशी येऊ शकते: एका वेळी दोघांनी हात लावू नये म्हणून घातलेलं कुलूप आधी उघडतं आणि कुलपाआड व्हायची आवराआवर त्यानंतर होते. म्हणून आता जिथं वस्तू हाती येते, तिथंच घोषणा करायला सांगतात. शिवाय काम यशस्वी झालं आणि मेमरी पुढं कुणाच्या हवाली करायची असेल, तर कंपायलरला ‘ही सोडू नकोस’ असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं. अपयशाचं आता आपोआप निभावतं. जास्तीची ओळ लिहावी लागते ती यशासाठी.